हळदीचा पिवळा

फोन आला तेव्हा मी मुरबाडला माझ्या स्टुडिओत पासपोर्ट फोटो कापत होते. शेणव्याचे मंडपवाले बाळारामशेठ बोलत होते. त्यांच्या गोदामात चोरांवर नजर ठेवायला माझ्याच ओळखीच्या माणसाने कॅमेरे बसवले होते, ते सारखे रुसायचे, आणि ते रुसले की बाळारामशेठ मला फोन करायचे. त्या दिवशीही तेच म्हणाले, "ताई, सीसीटीव्ही गेले."

मी कात्री न थांबवता म्हटलं, "मग डबा बंद करून परत चालू करा ना शेठ. मागच्या वेळी सांगितलं होतं."

ते हळूच म्हणाले, "तसं नाय ताई. आपले सीसीटीव्ही. शहापूरचे. तुमचे भाऊ."

माणूस गेल्याची बातमीसुद्धा सरळ येऊ नये, आणि त्यावर माझ्या तोंडून डबा बंद करून चालू करा असं उत्तर निघावं, याची चीड मला अजून येते. चीड कुणावर काढायची तेही कळत नाही. बाळारामशेठवर काढता येत नाही, कारण दोन तालुक्यांत माझ्या भावाला याच नावाने ओळखत होते. काढायची तर त्याच्यावरच काढली पाहिजे, कारण हे नाव त्याने स्वतःच्या हाताने ओढवून घेतलं होतं.

तो म्हणजे गजूदादा, माझा आतेभाऊ. शहापूरला त्याचा फोटो स्टुडिओ होता. बाकीच्या सगळ्या फोटोवाल्यांनी नवे कॅमेरे घेतले तेव्हा याने चिडून दुकानावर नवी पाटी लावली, 'येथे सीसीडी कॅमेऱ्याने फोटो काढून मिळतील.' सीसीडी म्हणजे काय हे शहापुरात कुणाला माहीत असणार? लोकांनी ते सीसीटीव्ही वाचलं. महिनाभर दुकानदार येऊन विचारत होते, "भाऊ, गल्ल्यावर एक बसवून द्या." पाटी बदल म्हणून मी कानीकपाळी ओरडले. तो म्हणाला, "लोकांनी नीट वाचायला शिकायला पायजे. मी का बदलू?" लोक वाचायला शिकले नाहीत आणि दादा कायमचा सीसीटीव्ही झाला. लग्नाच्या याद्यांत, मंडपवाल्यांच्या तोंडी, बॅन्डवाल्यांच्या फोनमध्ये, सगळीकडे सीसीटीव्ही.

फोटोचं काम मी त्याच्याकडेच शिकले. बारावीनंतर आत्याकडे राहायला म्हणून शहापूरला गेले आणि दिवसभर त्याच्या अंधाऱ्या खोलीत लाल दिव्याखाली उभी राहू लागले. मुलीच्या जातीने हे काम शिकून काय करायचं, असं घरातले सगळे म्हणत होते. दादा एकटाच म्हणायचा, "बाया नवरीचे फोटो चांगले काढतील. नवरी बायांना लाजत नाय." पुढे मी मुरबाडला माझं दुकान टाकलं तेव्हा पहिला स्टॅन्ड त्याने दिला. हे उपकार मी विसरलेले नाही. पण उपकार करणाऱ्या माणसाशी भांडता येत नाही असं कुठे आहे? आमचं जे भांडण झालं ते फिल्मचा जमाना गेल्यावर झालं आणि मग ते कधी संपलंच नाही.

ज्यांना यातलं काही ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडं सांगते, नाहीतर आम्ही कशावरून भांडत होतो ते कळायचं नाही. डिजिटल कॅमेऱ्यात फिल्मच्या जागी एक छोटी चौकोनी पाटी असते, तिला सेन्सर म्हणतात. तिच्यावर लाखो बारीक खळगे असतात. उजेड पडला की प्रत्येक खळग्यात थोडी वीज साठते, जास्त उजेड तिथे जास्त वीज. प्रश्न एवढाच, की ती मोजायची कशी. दादाने हे मला भाताच्या खाचरांवरून समजावलं होतं. जुन्या पद्धतीचा सेन्सर म्हणजे सीसीडी. त्यात वरच्या खाचरातलं पाणी खालच्या खाचरात, तिथून त्याच्या खालच्या, असं करत सगळं पाणी एका कोपऱ्यात येतं आणि तिथे एकच मापारी बसून प्रत्येक खाचराचं माप घेतो. नव्या पद्धतीचा तो सीमॉस. त्यात प्रत्येक खाचराच्या बांधावर आपापला मापारी. पाणी कुठे न्यायचं नाही, जागच्या जागी मोजायचं. त्यामुळे काम झपाझप होतं, बॅटरी पुरते, व्हिडिओ निघतो. दादाकडे सीसीडी होता, माझ्याकडे सीमॉस.

"एक मापारी असला की सगळ्यांना एकच माप," दादा म्हणायचा. "तुझ्याकडं लाखो मापारी. त्यातले थोडे तरी चोर निघणारच की गो."

"आणि तुझ्या एका मापाऱ्यापायी सगळा गाव ताटकळत बसतो, त्याचं काय?" मी म्हणायचे.

दोघांचंही खरं होतं. म्हणून तर भांडण मिटेना.

त्याच्या कॅमेऱ्याचा एक पराक्रम सांगितलाच पाहिजे. एका गावच्या जत्रेत भर दुपारी याने ग्रामदेवीच्या पालखीचा फोटो काढला. चौकटीत वर सूर्य आला होता. सीसीडीत कधीकधी काय होतं, की उजेड फार झाला तर त्या खळग्यांतून वीज उतू जाते आणि त्या सरळ रेषेतल्या सगळ्या खळग्यांत पसरते. वरच्या खाचराचा बांध फुटून पाणी थेट ओढ्यापर्यंत जावं तसं. फोटोत सूर्यापासून पालखीपर्यंत एक झगझगीत उभी रेघ आली. गावाने फोटो पाहिला आणि हात जोडले. देवीच्या अंगावर आकाशातून ज्योत उतरली! घराघरांत त्या फोटोच्या प्रती गेल्या. मी शहाणपणा करून तिथल्या चार जणांना सांगायला गेले, की हा कॅमेऱ्याचा दोष आहे, कृपा नाही. एक आजी मला म्हणाल्या, "बाय, तुझ्या कॅमेऱ्यात यील का अशी?" नाही येणार, हे मला कबूल करावं लागलं. दादा बाजूला उभा राहून मिशीत हसत होता. नंतर मी त्याला झापलं तर म्हणतो, "मी कुठं काय बोललो? मी गप व्हतो."

माझीही फजिती झाली, लपवत नाही. एका हळदीला डीजेवाल्याने नवे एलईडी दिवे लावले होते. माझ्या कॅमेऱ्यात ओळींमागून ओळी मोजल्या जातात, एकदम नाही, आणि तसले दिवे डोळ्याला दिसत नसलं तरी सारखे उघडझाप करत असतात. सगळ्या व्हिडिओत नवरदेवाच्या तोंडावरून काळे पट्टे वर सरकत राहिले. दादाने तो व्हिडिओ दुकानात येणाऱ्याजाणाऱ्याला दाखवला. "बगा, आमच्या बहिणीनं नवरदेवाला तुरुंगात टाकला." मी आठ दिवस त्याच्याशी बोलले नाही.

पण खरं भांडण पट्ट्यांचं नव्हतं आणि ज्योतीचंही नव्हतं. ते होतं पिवळ्याचं. आमच्याकडे लग्नापेक्षा हळदीला गर्दी. फोटोवाल्याची परीक्षा तिथेच. दादाचं म्हणणं, की हळदीचा खरा पिवळा फक्त सीसीडीत येतो, सीमॉसमध्ये तो लिंबासारखा होतो. हे ऐकलं की माझं डोकं फिरायचं. अरे, ते खळगे रंगांधळे असतात! त्यांना फक्त उजेड कळतो, रंग कळत नाही. रंग येतो तो त्यांच्यावर बसवलेल्या लाल-हिरव्या-निळ्या गाळण्यांमुळे, आणि पुढे कॅमेऱ्यातला संगणक तो कसा शिजवतो त्यामुळे. मोजायची पद्धत जुनी की नवी, याचा पिवळ्याशी काय संबंध? कंपनीने शिजवण्याची रीत बदलली, एवढंच. संगणकावर दोन मिनिटांत मी कुठलाही पिवळा कुठल्याही पिवळ्यासारखा करून दाखवते. हे मी त्याला किती वेळा सांगितलं असेल... तो शांतपणे ऐकून घ्यायचा आणि म्हणायचा, "करून दाखव."

या हट्टापायी त्याची कामं गेली. त्याचा कॅमेरा व्हिडिओ काढत नव्हता, संध्याकाळ झाली की फोटोत रवा पसरल्यासारखे दाणे दिसायचे. लग्नं माझ्याकडे यायला लागली. मी त्याला म्हटलं, दुसरा कॅमेरा घे, हा राहू दे हौसेला. नाही म्हणजे नाही. मग अलीकडे वाशिंदच्या कॉलेजातल्या पोरी त्याच्याकडे येऊ लागल्या. त्यांनी मोबाइलवर कुठेतरी पाहिलं होतं, की जुन्या सीसीडी कॅमेऱ्यांचे फोटो झकास येतात. ज्यांच्या हातात माझ्यापेक्षा चांगला कॅमेरा असलेला फोन आहे, त्या पोरी याला विचारत होत्या, "काका, सीसीडी लूक मिळेल ना?" त्या दिवशी त्याने मला मुद्दाम फोन केला. "सुमे, पाटी बदल म्हणत व्हतीस ना? आता नीट वाचणारी माणसं आली बग."

मी तडक शहापूर गाठलं. म्हटलं, आज एकदाचा निकाल लावू. दोन्ही कॅमेरे एकाच कंपनीचे, लेन्स एकच दोघांनाही बसते. स्टॅन्ड एक, जागा एक, ऊन एक. दुकानामागे त्याचं घर आणि मध्ये छोटं अंगण, तिथे स्टूल मांडलं. आता हळद लावून बसायचं कुणी? मी कॅमेऱ्यामागे. वहिनी म्हणाली, "मी नाय बाई." म्हणून दादाच बसला. वहिनीच्या परसातली हळद, तिनेच उकडून, वाळवून, दळून आणलेली. तिने ती पाण्यात कालवली आणि त्याच्या दोन्ही गालांना लावली. लावताना तिला हसू आवरेना. "दुसऱ्यांदा लागली तुमाला."

"दुसऱ्यांदा पण तूच," दादा म्हणाला, आणि मग आपण काय बोललो ते कळून लाजला. साठीला आलेला माणूस!

आधी त्याच्या सीसीडीने काढला. तेव्हा तो पाठीचा कणा ताठ करून, श्वास धरून बसला. स्वतःच्या कॅमेऱ्याची अब्रू होती ना. मग मी माझा कॅमेरा चढवला तर याची चुळबूळ सुरू. ऊन सरकतंय, तुझा कॅमेरा वाकडा हाय, काढ लवकर गो. मी ओरडले, "हलू नको रे दादा!" माझं ऐकेल तर तो दादा कसला. तो काहीतरी बोलायला तोंड उघडतोय, मान जरा कललेली, अशा वेळी बटण दाबलं गेलं. परत काढू म्हटलं तर उठून गाल धुवायला गेला.

मी दोन्ही फोटो छापून आणले. पण हा माणूस छापलेला फोटो ट्यूबलाइटखाली कधी बघत नसे. अंगणात, उन्हात धरूनच बघायचा. आणि मी फोटो घेऊन गेले तोवर पाऊस लागला होता. मी जायचे, तो आभाळाकडे बघायचा आणि म्हणायचा, "आज नको. ऊन पडू दे, मग बगू." मी म्हटलं, अरे दारात उभा राहून बघ, निकाल तोच लागणार. "नाय. घाईत माप घेऊ नये." फोटो पाकिटात तसेच राहिले. श्रावणात जरा उघडीप होईल असं वाटलं होतं. श्रावणात त्याच्या छातीत कळ आली. शहापूरचे डॉक्टर ठाण्याला हलवा म्हणाले, आणि गाडी ठाण्याला पोचलीच नाही.

मला त्याचा राग येतो. स्पष्टच सांगते, लोक मला काहीही म्हणोत. गेलेल्या माणसाबद्दल गोड लिहायचं असतं, ते मला जमत नाही. औषधं वेळेवर घे म्हणून वहिनी सांगून थकली होती. छातीत दुखतंय हे त्याने दोन दिवस कुणाला सांगितलं नाही. फोटो बघायला ऊन पाहिजे, डॉक्टरकडे जायला सवड पाहिजे. सगळ्याच गोष्टी यांच्या मनासारख्या झाल्यावर हे पुढचं पाऊल टाकणार!

दहाव्याला नाक्यावर श्रद्धांजलीचा फलक लागला. त्याच्यासाठी फोटो शोधायला घेतला तर घरात दादाचा एक धड फोटो नाही. अख्ख्या तालुक्याच्या भिंती ज्याने भरल्या, तो स्वतः कायम कॅमेऱ्याच्या मागे. त्याच्या मुलांनी शेवटी ओळखपत्रावरचा फोटो मोठा करून लावला. तो तर चोरासारखा दिसत होता. गर्दीत मी तो फलक पाहिला आणि मला रडू आलं नाही, संताप आला. खाली मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं, 'आपले लाडके सीसीटीव्ही.'

पाकिटातले दोन फोटो मला तेव्हा आठवले. पण ते घेऊन जायचं धाडस होईना. गालांना हळद लावलेला माणूस भिंतीवर लावायचा? आणि कुणाच्या घरात, तर जिच्या कपाळाला आता बाया हळदीचं बोट लावत नाहीत तिच्या? शेवटी वहिनीनेच निरोप धाडला. "भिंत मोकळी हाय. सुमनकडं यांचा काय असंल तर घेऊन ये म्हणावं."

गेले तेव्हा अश्विनातलं लख्ख ऊन पडलं होतं. त्याला हवं होतं तसं, अगदी वेळेवर! मी अंगणात, त्याच जागी, दोन्ही फोटो वहिनीच्या हातात दिले. कुठला कुठल्या कॅमेऱ्याचा ते सांगितलं नाही. ती बराच वेळ बघत राहिली. आधी ताठ बसलेला बघितला. मग तोंड उघडलेला. मग परत पहिला. इतक्या वर्षांच्या भांडणाचा निकाल तिच्या हातात होता.

"हा," ती म्हणाली. "ह्यात हे बोलतात."

तो माझा होता. सीमॉसचा. मी जिंकले होते आणि हे ज्याच्या तोंडावर फेकायचं तो मला मिळत नव्हता. मी काही बोलायच्या आत वहिनी फोटो उन्हात तिरका करून म्हणाली, "पण हळद अशी नव्हती गो. ही लिंबासारखी दिसते."

मी म्हटलं, "दे इकडे. दोन मिनिटांचं काम आहे."

मुरबाडला येऊन संगणकावर बसले. ताठ बसलेला फोटो एका बाजूला ठेवला, त्यातल्या हळदीवरून पिवळा घेतला, बोलत्या फोटोला लावला. हळद जुळली, पण दादाचा चेहरा काविळीच्या पेशंटसारखा झाला. चेहरा परत आणला तर हळद लिंबावर गेली. फक्त गाल वेगळे कापून रंगवले तर गाल चिकटवल्यासारखे दिसायला लागले. कातडीत आणि हळदीत मध्ये कुठे रेघ आखायची तेच कळेना, कारण हळद कातडीत मुरलेली होती. मला अजूनही ठाम ठाऊक आहे, की यात सीसीडीची करामत नाही, गाळण्यांचा आणि शिजवण्याचा फरक आहे. माझं शास्त्र बरोबर आहे. फक्त पिवळा येत नाही. दिवसभर गिऱ्हाइकं येत राहिली, मी त्यांना उद्या या म्हणून परत धाडत राहिले आणि कानात त्याचं ते शांत 'करून दाखव' वाजत राहिलं. हातातला माउस भिंतीवर मारावासा वाटला.

शेवटी जवळात जवळ जो आला तो छापला, काच बसवली आणि शहापूरला नेला. दुकानाच्या पुढच्या भिंतीवर, जिथे त्याचं गिऱ्हाइकांसाठी स्टूल असायचं, तिथे मुलांनी खिळा मारून ठेवला होता. वहिनीच्या हातात तसबीर देताना मी म्हटलं, "वहिनी, इतकंच जमलं मला. हळद नाही जुळली."

तिने तसबीर खिळ्याला लावली. मागे होऊन बघितली. मग आत गेली आणि तिची हळदीची पितळेची डबी घेऊन आली. तळहातावर चिमूटभर हळद घेतली, पाण्याचा थेंब टाकला, बोटाने कालवली. रस्त्यावरून बायका जात होत्या. मी नकळत दाराकडे पाहिलं. वहिनीने कुणाकडेच पाहिलं नाही. काचेवर, त्याच्या दोन्ही गालांवर, तिने आपल्या हाताने हळद लावली.

"हां," ती म्हणाली. "आता बरोबर आला."

आला होता. तंतोतंत. मी ज्यासाठी दिवस घालवला तो पिवळा तिच्या बोटावर होता.

काचेवरची हळद वाळली की तिची पापडी निघून खाली पडते. वहिनी रोज सकाळी दुकान झाडते, काच पुसते आणि नवी लावते. कुणी काय बोलत असेल ते बोलो, मला त्याची पर्वा नाही आणि तिला तर त्याहून नाही. दुकानावरची पाटी अजून तशीच आहे. मुलं उतरवायला निघाली होती, मीच ओरडले त्यांच्यावर.

परवा गेले तेव्हा वहिनीचे हात पिठाचे होते. ती आतूनच म्हणाली, "डबी फळीवर हाय. आज तू लाव." मी हळद कालवली. तोंड उघडं, मान कललेली, आता काहीतरी खुसपट काढणार असा तो समोर. मी एका हाताने तसबीर धरली, दुसऱ्या हाताचं बोट गालापर्यंत नेलं आणि सवयीने माझ्या तोंडून निघून गेलं, "हलू नको रे दादा."

आयुष्यात पहिल्यांदा त्याने माझं ऐकलं.